पारोशी स्टिक

वहिनीची आणि माझी ओळख झाली ती तिच्या डाव्या करंगळीपासून. दादासाठी तिला बघायला आम्ही मनमाडला गेलो होतो. ती पोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. आई, बाबा आणि पिंपरीची मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मी ट्रेच्या काठाकडे. डाव्या हाताच्या बाकी बोटांनी ट्रे घट्ट धरला होता. करंगळी तेवढी बाहेर, रुसून बसल्यासारखी. यात माझा काही दोष नाही. मी नाशिकरोडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. दिवसभर माझ्यासमोर आधी हात येतो आणि मग त्यामागचं माणूस.

"करंगळीला काय झालंय?" मी विचारलं.

मावशीने मला कोपर मारलं. बघण्याच्या कार्यक्रमात असं विचारायचं नसतं म्हणे. पगार विचारायचा, उंची विचारायची, चष्मा आहे का तेही विचारायचं. बोटाचं विचारलं की मात्र आगाऊपणा.

ती मुलगी हसली. "मॅचमध्ये मोडली. दुसऱ्या दिवशी फायनल होती, म्हणून शेजारच्या बोटाला बांधून खेळले. ती तशीच जुळली. आता पूर्ण मिटत नाही."

"मग फायनलचं काय झालं?"

"जिंकलो ना," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी माझ्या हातात दिली.

मला ती तिथेच पसंत पडली. दादाला विचारायचं राहिलं होतं, पण तोही नंतर हो म्हणाला.

वहिनी हॉकीची राष्ट्रीय विजेती होती. दोनदा सुवर्णपदक, एकदा भारतीय संघाच्या शिबिरापर्यंत मजल, आणि खेळाच्या जोरावर रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं. आई घरी ब्लाउज शिवते. माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ती टेप गुंडाळता गुंडाळता सुनेची पदकं ऐकवायची. बाबा एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेत. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळींना सुनेचं कौतुक ऐकून ऐकून कंटाळा आला असणार. पदकं स्टीलच्या कपाटात, आईच्या येवल्याच्या पैठणीशेजारी, मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. पण खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकानेही तिला खेळताना पाहिलं नव्हतं. दादा एकदा हौसेने गेला, तर पावसाने मॅचच झाली नाही. हॉकीबद्दल आम्हाला एवढीच माहिती की त्यात वाकून पळतात आणि टीव्हीवर चेंडू दिसत नाही.

मला हे सहन होईना. घरात एक राष्ट्रीय विजेती पोळ्या लाटतेय आणि ती नक्की काय करून विजेती झाली हे कोणाला सांगता येत नाही, म्हणजे काय? मी तिच्या मागेच लागले. ती ड्यूटीवरून आली की चहा व्हायचा, आणि चहाबरोबर माझे प्रश्न. दादा म्हणायचा, "हिला पोलिसात नोकरी मिळायला हवी होती."

एकदा वहिनी भाजीच्या टोपलीपाशी बसली होती. माझ्या प्रश्नांना वैतागून तिने सगळे कांदे फरशीवर ओतले. आईचं माहेर देवळ्याचं, त्यामुळे आमच्याकडे कांद्याला तोटा नाही. तिने दोन स्टीलचे पेले उभे केले, तो गोल. पेल्यांच्या मध्ये पाच कांदे ठेवले, आमच्या मुली. समोर अर्धगोलात बाकीचे, त्यांच्या मुली. चेंडू म्हणून लिंबू.

"याला पेनल्टी कॉर्नर म्हणतात," ती म्हणाली. "त्यांची एक मुलगी या रेषेवरून चेंडू ढकलते. दुसरी तो अडवते. तिसरी तो जीव खाऊन गोलात मारते. आम्ही पाचजणी वाचवायच्या."

"आणि यातली तू कोणती?"

तिने एक लहानसा लाल कांदा उचलला आणि पेल्यांपासून सरळ लिंबाच्या दिशेने सरकवत नेला, थेट तिसऱ्या कांद्याच्या तोंडावर.

"ही मी. चेंडू हलला की पहिली मी पळते. तिच्या अंगावर."

"चेंडू अडवायला?"

"अडवायला, नाहीतर अंगावर घ्यायला. लागला तर गोल होत नाही ना."

मी त्या कांद्याकडे बघत राहिले. आपण सगळे अंगावर येणारी वस्तू चुकवतो. लॅबमध्ये एवढीशी सुई दिसली तरी धडधाकट पैलवान तोंड फिरवतात. आणि ही बाई समोरून येणाऱ्या चेंडूकडे पळत जाते, आणि मग घरी येऊन भाजी निवडते.

"तेव्हा डोळे मिटतेस का?" मी विचारलं.

"ये बघायला," ती म्हणाली. प्रत्येक वेळी हेच उत्तर. मी कधी गेले नाही. कधी रविवारी लॅब, कधी लांबचं गाव. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

तिच्या बोलण्यातून तिचं आधीचं आयुष्य मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तिचे वडील रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. कॉलनीशेजारी मैदान, तिथे शाळेच्या बाई मुलींना हॉकी शिकवायच्या. सरावानंतर केळं आणि उकडलेलं अंडं मिळायचं, म्हणून ही गेली. "खेळासाठी नाही गं, अंड्यासाठी," ती सांगते आणि स्वतःच हसते. मैदान मुरमाचं, पडलं की गुडघ्यात खडे रुतायचे. मग एकदा राज्याच्या शिबिरासाठी तिला पुण्याला नेलं आणि तिथे तिने पहिल्यांदा टर्फ पाहिलं. निळंशार, सतरंजीसारखं. मॅचच्या आधी त्यावर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सुटले. टर्फ ओलं असलं की चेंडू सुळसुळ पळतो, म्हणून ते भिजवतात.

"मला रडू आलं," वहिनी म्हणाली. "मनमाडला नळाला पाणी कधी येईल याची सगळी गल्ली वाट बघत बसायची. कपडे धुतलेलं पाणी आम्ही संडासाला वापरायचो. आणि इथे प्लॅस्टिकच्या गवताला आंघोळ! मी कोचना विचारलं, हे पाणी पुढे जातं कुठे? ते म्हणाले, तू खेळ."

आमच्याकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी चालू नळ तिला बघवत नाही. आई भांडी घासताना नळ वाहता ठेवते, ही मागून जाऊन हळूच बंद करते, आई पुन्हा सोडते. दोघींमध्ये यावरून कधी शब्दाला शब्द झाला नाही, पण नळाची चावी बिचारी झिजून गेली.

आणखी एक गोष्ट मला कळली होती, जी पुढे महत्त्वाची ठरली. मी एकदा तिची स्टिक हातात घेतली. वर जिथे मूठ येते तिथे घामाने काळी पडलेली पट्टी गुंडाळलेली होती, आणि अगदी टोकाशी एका बाजूला हाताला एक टेंगूळ लागलं.

"हे काय सुजलंय?"

तिने माझा डावा हात त्या जागेवर ठेवला. "इथे माझी करंगळी येते. ती मिटत नाही, म्हणून पोकळी राहते. जोरात चेंडू लागला की स्टिक हातातल्या हातात फिरते. मग मी आत चिंध्या भरत गेले. थोडी भरायची, खेळून बघायचं, काढायची, परत भरायची. आता बरोबर बसलंय. ही माझी स्टिक दुसरीला नाही चालायची."

मग बाळ झालं. वहिनी तिशी ओलांडलेली होती. तिच्या बरोबरीच्या मुली खेळ सोडून कार्यालयात बसल्या होत्या. सगळ्यांनी गृहीत धरलं की हीसुद्धा आता बसेल. ती बसली नाही. बाळ वर्षाचं झालं तशी ती रोज पहाटेच्या गाडीने मनमाडला जाऊन ड्यूटीआधी मैदानावर पळायला लागली. वजन वाढलेलं, दम लागायचा, घरी आली की गुडघ्याला बर्फ लावून बसायची. दसऱ्यानंतर पुण्याला संघाची निवड चाचणी होती. त्यात निवडली गेली तर पुन्हा राष्ट्रीय स्पर्धा. नाही गेली तर सरावाची सवलत संपणार, पूर्ण वेळ ड्यूटी, आणि हॉकी कपाटात पैठणीशेजारी.

"तुला आणखी काय सिद्ध करायचंय गं?" मी विचारलं. "दोन सुवर्णं आहेत की."

"सिद्ध नाही करायचं," ती म्हणाली. "गेल्या वेळी खेळले ती माझी शेवटची मॅच होती हे मला ठाऊकच नव्हतं. पोटात बाळ आहे हे नंतर कळलं. मला एकदा ठाऊक असताना खेळायचंय."

त्या दिवशी मी तिच्या गुडघ्यावरचा बर्फ बदलून दिला.

आता आमच्या खंडेनवमीबद्दल सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. बाबांचा पाना, व्हर्नियर आणि पटाशा, आईची कात्री आणि शिलाई मशीन, दादाचा लॅपटॉप, माझी हातावर बांधायची रबरी पट्टी, आणि वहिनी आल्यापासून तिची स्टिक. हत्यारं पाटावर मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. त्यांचा तो सुट्टीचा दिवस. आईचा याबाबतीत कडक नियम: देवापुढे पारोसं काही ठेवायचं नाही. माणसाने आंघोळ करायची तशी हत्याराने पण करायची. कात्री चिंचेने घासायची, पान्याचं वंगण काढायचं, मशीन पुसायचं. आधीची वर्षं वहिनी स्वतः स्टिक ओल्या फडक्याने पुसून आणून द्यायची. आई नाक मुरडायची, पण घ्यायची.

त्या वर्षी नवमीला वहिनीची सकाळची ड्यूटी होती. मीही लॅबमध्ये, उपाशीपोटी नमुने देणारी मंडळी पहाटेच येतात. स्टिक दाराआड उभी होती. आईने मनात म्हटलं, पोरीची चाचणी जवळ आली, यंदा हिचं नीट करू. हे तिने नंतर स्वतः सांगितलं. तिने ती काळी, घामट पट्टी सोडली. आत कुजकट चिंध्या निघाल्या, त्या चिमट्याने धरून बाजूला केल्या. स्टिक साबणाने धुतली, उन्हात वाळवली, आणि खालपासून वरपर्यंत खोबरेल तेल चोळलं. पट्टी आणि चिंध्या घंटागाडीत गेल्या.

दुपारी मी घरी आले तेव्हा वहिनी देवघरासमोर उभी होती. पाटावर सगळी हत्यारं, मधोमध तिची स्टिक, झेंडूच्या माळेत, लखलखीत. वरचा दांडा उघडा, नागडा. मी आधी स्टिककडे आणि मग तिच्याकडे बघितलं. तिने उजव्या हाताने डावी करंगळी धरून ठेवली होती.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघितलीस का? कशी लख्ख झाली! तीन पाण्यानं धुतली."

"छान झाली आई," वहिनी म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

मला इतका राग आला की विचारू नका. पण कोणावर रागवायचं? आईने तिच्या परीने सुनेसाठी जे जास्तीत जास्त करता येतं ते केलं होतं. आणि स्टिकला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायची सोय नव्हती. मी वहिनीला म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, आत्ता उचल. ती म्हणाली, "नाही. त्यांनी मनापासून ठेवलीय." ती दिवसभर नेहमीसारखी वागली. फक्त नळ दोनदा चालू राहिला आणि तिने तो बंद केला नाही, एवढंच.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली आणि तिने स्टिक घेतली. दादा बाजारातून नवी पट्टी घेऊन आला. ती पट्टी तेलावर धरेना. मी लॅबमधून स्पिरिट आणलं होतं, त्याने दांडा पुसला, मग धरली. पण टेंगूळ? वहिनी गच्चीवर जाऊन कापडाचे तुकडे भरून बघत होती, चेंडू भिंतीवर मारत होती, आणि प्रत्येक वेळी स्टिक तिच्या मुठीत गर्रकन फिरत होती. चाचणी परवा होती आणि उद्या निघायचं होतं. असं वर्षानुवर्षांचं काम एका दिवसात होत नसतं.

"हे काय चाललंय?" आई आपट्याची पानं घेऊन वर आली होती. मीच बोलले. करंगळी, पोकळी, चिंध्या, घंटागाडी, सगळं सांगून टाकलं. वहिनी मला गप्प करायला बघत होती, पण मी काय गप्प बसणारी आहे?

आई पायरीवर बसली. "अगं, मला वाटलं घाण हाय ती. बाळाच्या तोंडात जाईल म्हणून टाकली." मग वहिनीला म्हणाली, "मला काल का नाय बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मंग आता काय चांगलं वाटतंय का?"

आईने गळ्यातला टेप काढला. तो तिच्या गळ्यात असतोच, सणालासुद्धा. "हात दे," ती म्हणाली. "डावा."

त्यानंतर जे झालं ते मी कितीतरी वेळा आठवून बघते. आईने सुनेचा हात मांडीवर घेतला आणि करंगळीचं माप घेतलं. बोट किती मिटतं, कुठे अडतं, दांडा आणि बोट यात किती फट राहते, सगळं बघितलं. ती करंगळी आमच्या घरात कितीतरी वर्षं वावरत होती, भाकऱ्या थापत होती, आणि आईने ती पहिल्यांदा हातात धरली. मग ती खाली गेली, कॉलरीत घालायचं कडक बुकरम आणि अस्तराचं सुती कापड घेऊन आली. बुकरमच्या चकत्या कापल्या, एकावर एक ठेवल्या, कापडात घालून कच्चे टाके मारले.

"धरून बघ."

"थोडं मोठं होतंय आई."

टाके उसवले, एक चकती कमी. "आता?"

"आता वरच्या बाजूला टोचतंय."

ब्लाउजच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं त्यांचं चाललं होतं. सैल, घट्ट, इथे ओढतंय, तिथे फुगतंय. खाली सोनं द्यायला माणसं येत होती. बाबा त्यांना सांगत होते की बायका वर हॉकीचं फिटिंग करतायत, आणि लोक हसून पानं ठेवून जात होते. संध्याकाळी वहिनीने चेंडू भिंतीवर हाणला, परत आलेला सपकन अडवला, आणि स्टिक हलली नाही. तिने आईच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

आई म्हणाली, "वापरायला लागलं की फिटिंग बिघडतं. मी येते पुण्याला. उसवलं तर जाग्यावर टाका घालते."

बाळाला दादा आणि बाबांच्या ताब्यात देऊन आम्ही तिघी पिंपरीला मावशीकडे गेलो. आईने पर्समध्ये सुई, दोरा आणि बुकरम घेतलं होतं. मी लॅबमध्ये रजा टाकली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मैदानाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो आणि फवारे सुटले. आई अर्धवट उभी राहिली. "अगं, नळ फुटला!" मी तिला सांगितलं की हे मुद्दाम सोडतात. ती ते पाणी बघत राहिली आणि मग म्हणाली, "ही आपला नळ बंद करायला धावते ती उगीच नाय."

खेळ सुरू झाला. आईचं लक्ष चेंडूकडे नव्हतंच. ती फक्त वहिनीच्या डाव्या मुठीकडे बघत होती. "बसलंय," ती पुटपुटायची. "नाय सरकलं." वहिनी तरुण मुलींमध्ये जाडसर दिसत होती, पळताना मागे पडत होती. हिची निवड होणार नाही, मला वाटायला लागलं, आणि तिला घरी नेताना मी काय बोलणार ते मी मनात जुळवायला लागले.

मग पेनल्टी कॉर्नर घ्यायला लागले. पाचजणी गोलात उभ्या राहिल्या, तोंडाला जाळीचे मुखवटे, गुडघ्याला जाड पट्टे. रेषेवरून चेंडू निघाला आणि त्या पाचांतून एक सुटली ती सरळ समोर. कांदा सरकला होता तशीच. पण कांद्याला पाय नव्हते, श्वास नव्हता. समोरच्या मुलीने स्टिक मागून ओढून चेंडू फेकला तो वहिनीच्या मांडीवर असा बसला की आवाज पायऱ्यांवर आमच्यापर्यंत आला.

आईने माझं मनगट पकडलं. "ही सरळ त्याच्यासमोर चाललीय! तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी लोकांना पदकं सांगत बसले!" तिच्या डोळ्यात पाणी होतं. "कोणी शिकवलं हिला हे? कशाला जाते तिथं?"

"गोल होऊ नये म्हणून."

वहिनी मांडी चोळत परत रेषेवर गेली. पुन्हा चेंडू निघाला, पुन्हा ती सुटली. या वेळी तिला यायला उशीर झाला आणि गोल झाला. पुढच्या वेळेला आई डोळे मिटून बसली. मी मिटले नाहीत, मला बघायचं होतं. ती पळाली, खाली झुकली, एका हातात लांब धरलेली स्टिक चेंडूच्या वाटेत आली. ताडकन आवाज झाला. स्टिक फिरली नाही. चेंडू लांब बाजूला उडाला, आणि काठावर उभ्या असलेल्या निवड समितीच्या एका बाईंनी शेजारचीला काहीतरी सांगितलं.

"काय झालं?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"फिटिंग टिकलं," मी म्हणाले.

चाचणी संपल्यावर वहिनी घामाने निथळत आमच्याकडे आली. आईने आधी तिची मांडी बघितली, तिथे चेंडूएवढा जांभळा गोळा उठला होता. मग मूठ बघितली. "थोडं खाली उतरलंय," वहिनी म्हणाली. आईने तिथेच पायरीवर बसून दोन टाके घातले. तेवढ्यात नावं वाचली गेली. वहिनीचं नाव शेवटून दुसरं आलं. आई टाका घालतच राहिली. तिला सुई दिसत नसावी, कारण तिने दोनदा स्वतःलाच टोचून घेतली.

परतीच्या बसमध्ये मी तो जुना प्रश्न पुन्हा विचारला. डोळे मिटतेस का?

"मिटून कसं चालेल? पण चेंडू नाही गं बघत मी," वहिनी म्हणाली. "तो दिसायच्या आधीच आलेला असतो. मी तिच्या हातांकडे बघते. हात आधी सांगतात." आणि ती खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. तिच्या पलीकडे आई जागी होती, सुनेचा डावा हात मांडीवर घेऊन.

वहिनी ते वर्ष खेळली. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळालं. आम्ही सगळ्यांनी दादाच्या मोबाइलवर बघितलं, चित्र सारखं अडकत होतं, आणि प्रत्येक कॉर्नरला आई मोबाइल उलटा करायची. बाबा ओरडायचे. घरी आल्यावर पदकापेक्षा तिच्या अंगावरचे डाग कुठे कुठे आहेत हे आईने आधी तपासलं.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी आई मोरीत बसून कात्री घासत होती, नळ नेहमीसारखा धो धो चालू. मी झेंडू ओवत होते. आईने आधीच बजावून ठेवलं होतं, "त्या काठीला कोणी पाणी लावायचं नाय. पुसून नुसती ठेवा." वहिनी स्टिक घेऊन मोरीच्या दारात आली. वर्षभराच्या घामाने पट्टी काळी कुळकुळीत झाली होती.

"आई," ती म्हणाली, "यंदा ही पण धुवा."

आईचा हात थांबला. "आणि पुण्याची चाचणी?"

"नाही देणार. गुडघा नाही ऐकत आता." ती आईच्या शेजारी टेकली. "या वेळी मला ठाऊक होतं आई. शेवटच्या मॅचला मैदानाला हात लावून आले. झालं माझं."

पाणी वाहत होतं. वहिनीने सवयीने हात लांब करून नळ बंद केला.

आईने पदराला हात पुसले. अगदी कोरडे होईपर्यंत, एकेक बोट. मग स्टिक घेतली, ती काळी पट्टी आणि खालचं टेंगूळ अंगठ्याने चाचपून बघितलं, आणि उठून देवघरात गेली. चकचकीत कात्री आणि पान्याच्या मधोमध तिने स्टिक ठेवली, तशीच.

"अगं, पारोशी ठेवतेस?" बाबा म्हणाले.

"राहू द्या," आई म्हणाली. तिने कुंकवाचं बोट त्या टेंगळावर टेकवलं, आणि वहिनी मोरीच्या दारात तोंडावर पदर धरून रडली, पोटभर.